स्मार्ट टीव्हीला कॉम्प्युटर आणि नेट जोडताना कुठली केबल घ्यायची?

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काउंटरपाशी उभं राहून ‘टीव्हीला लॅपटॉप जोडायची वायर द्या’ म्हटलं की दुकानदार उलट विचारतो: लॅपटॉपला पिन कुठली? लांबी किती? टीव्ही फोर-के का साधा? उत्तरं तयार असली तर खरेदी पाच मिनिटांत होते. नसली तर ‘सगळ्याला चालते’ असं ऐकून हाती पडेल ती केबल आपण घरी आणतो. ऑनलाइन मागवताना तर हे विचारणारंही कुणी नसतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घेऊ. कॉम्प्युटरचा पडदा टीव्हीवर दाखवणं हे एक काम आणि टीव्हीला नेट देणं हे दुसरं. पहिल्याला बहुतेक वेळा एचडीएमआय लागते, दुसऱ्याला लॅन केबल. लॅपटॉप आणि टीव्ही यांच्यामध्ये लॅन केबल खोचली म्हणून लॅपटॉपचा पडदा टीव्हीवर येत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, कारण दोन्ही यंत्रांना तसलं भोक असतं आणि केबल बसतेही मस्त.

टीव्हीच्या मागे काय काय आहे

भिंतीला लावलेल्या टीव्हीमागे डोकं घालता येत नाही. मोबाइलचा फ्लॅश लावून हात मागे घाला आणि दोन-चार फोटो काढा. बाजूला एक कप्पा असतो, खाली दुसरा, दोन्हींचे काढा.

फोटोत चपटी, खालचे कोपरे कापलेली भोकं दिसतील, ती एचडीएमआय. साधारण दोन ते चार असतात. त्यांच्यावरची बारीक अक्षरं वाचाच. एकावर ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलेलं असेल. ते साउंडबारसाठी मोकळं ठेवा. काही टीव्हींवर एखाद्याच भोकाशेजारी ‘फोर-के १२० हर्ट्झ’ असं छापलेलं असतं (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा). गेमिंगचा कॉम्प्युटर किंवा प्लेस्टेशन असेल तर त्याची जागा तीच.

टेलिफोनच्या जॅकचा थोराड भाऊ वाटावा असं चौकोनी भोक म्हणजे लॅन. गोल, धातूचं भोक अँटेनाचं. आणि यूएसबी असते पेनड्राइव्हसाठी. लॅपटॉप आणि टीव्ही यांच्यात दोन्हीकडे सारखीच चपटी यूएसबी पिन असलेली केबल लावू नका. चित्र येणार नाहीच, शिवाय दोन्ही बाजू ५ व्होल्ट बाहेर सोडतात, त्यामुळे एखादा पोर्ट जळू शकतो.

कॉम्प्युटरकडची पिन

लॅपटॉपला पूर्ण आकाराची एचडीएमआय असेल तर पुढचे चार परिच्छेद सोडून द्या. साधी एचडीएमआय केबल, दोन्ही टोकं सारखी, विषय संपला. डेस्कटॉप असेल तर मात्र मागे बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असलं तर केबल त्या कार्डाच्या भोकात लावायची, वर मदरबोर्डच्या नाही. ‘नो सिग्नल’च्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात.

हल्लीच्या बारक्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी असते, आणि खरी गोची इथे आहे. टाइप-सी हा नुसता भोकाचा आकार झाला. त्यातून चार्जिंग होतं, फाइली जातात. चित्र जाईलच असं नाही. चित्र जायला त्या पोर्टला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे टाइप-सीतून चित्राचा सिग्नल बाहेर काढायची सोय, लागतो. भोकाशेजारी ‘डी’ आणि ‘पी’ एकमेकांत गुंफलेली खूण असेल किंवा थंडरबोल्टच्या विजेचं चिन्ह असेल तर निर्धास्त घ्या. नुसती बॅटरी काढलेली असेल, किंवा काहीच नसेल, तर लॅपटॉपचं मॉडेल कंपनीच्या साइटवर टाकून माहिती वाचा आणि मगच केबल मागवा. एकाच लॅपटॉपवर दोन टाइप-सी असतात आणि त्यांतल्या एकातूनच चित्र जातं, असंही दिसतं. मॅकबुकवाल्यांना ही काळजी नाही. त्यांच्या टाइप-सीतून चित्र जातंच. फोनलाही हाच नियम: आयफोन १५ पासून पुढे आणि सॅमसंगच्या एस मालिकेत जमतं, स्वस्तातल्या बहुतेक फोनांत जमत नाही.

टाइप-सी टू एचडीएमआय केबल घेताना खोक्यावर ‘फोर-के’च्या पुढचा आकडा वाचा. ३० हर्ट्झ की ६० हर्ट्झ? नुसतं ‘फोर-के’ लिहिलेलं असेल तर ३० समजायचं. एकाच डब्यात यूएसबी, कार्ड रीडर, एचडीएमआय सगळं देणारे हब बऱ्याचदा ३० वरच अडकतात, कारण टाइप-सीच्या चार जलद वाटांपैकी दोन ते यूएसबीला देऊन टाकतात. टीव्हीसाठीच घ्यायची असेल तर हबच्या भानगडीत न पडता एकसंध केबल घ्या.

डेस्कटॉपला किंवा ऑफिसच्या लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट, म्हणजे एचडीएमआयसारखंच चित्राचं दुसरं भोक, असेल तर डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय मिळते. तिची दिशा ठरलेली असते: कॉम्प्युटरकडून टीव्हीकडे. साधी, स्वस्त म्हणजे पॅसिव्ह केबल फोर-केला ३० हर्ट्झच्या वर नेत नाही. ६० हवे असतील तर ‘ॲक्टिव्ह’, म्हणजे आत सिग्नल बदलणारी चिप असलेली, मागा.

राहिला जुना, निळ्या पंधरा पिनांच्या व्हीजीएचा लॅपटॉप. त्याला नुसती केबल पुरत नाही, कन्व्हर्टर लागतो. व्हीजीएतून आवाज जात नाही, म्हणून कन्व्हर्टरला हेडफोनच्या भोकासाठी एक शेपटी असते आणि विजेसाठी यूएसबीची दुसरी. दोन्ही शेपट्या असलेलाच घ्या. आणि ‘यूएसबी टू एचडीएमआय’ म्हणून जी सरळ केबल विकायला असते, मध्ये डबी नाही, काही नाही, ती घेऊ नका. जुन्या चपट्या यूएसबीतून चित्राचा सिग्नल निघतच नाही. त्याला चिप असलेला ॲडॉप्टर आणि वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

आता टेप घ्या

लॅपटॉप ठेवायचा तिथून टीव्हीच्या भोकापर्यंत अंतर मोजा, पण हवेतून नको. केबल जशी जाणार तशी मोजा: टेबलावरून खाली, स्कर्टिंगच्या कडेने, युनिटच्या मागून वर. वर अर्धा मीटर धरा. टीव्ही भिंतीच्या हलत्या स्टँडवर असेल तर एक मीटर.

लांबीवर इतका भर अशासाठी की एचडीएमआयमध्ये पैसा खरा लांबीला मोजायचा असतो. दीड-दोन मीटरची साधी केबल कुणाचीही चालते. तीन मीटरपर्यंतही फार अडत नाही. पाच मीटरच्या पुढे फोर-के ६० हर्ट्झ तांब्याच्या केबलमधून नीट नेणं कठीण होत जातं, आणि दहा-पंधरा मीटर असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्यावी. तिच्या आत काचेचे तंतू असतात. ती महाग असते आणि तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ लिहिलेलं असतं, ते कॉम्प्युटरकडे. दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’, ते टीव्हीकडे. भिंतीतून ओढून झाल्यावर उलटं लक्षात आलं की वायरमनचं तोंड बघवत नाही.

खोक्यावर काय वाचायचं, काय सोडून द्यायचं

एचडीएमआयच्या १.४, २.०, २.१ या आवृत्त्या यंत्रांच्या असतात. केबलला आवृत्ती नसते, प्रकार असतो. खालचे जीबीपीएसचे आकडे म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो ते. ‘हाय स्पीड’ म्हणजे १०.२ जीबीपीएस, फुल एचडी टीव्हीला भरपूर, फोर-केला ३० हर्ट्झपर्यंत. ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८ जीबीपीएस, फोर-के ६० हर्ट्झ. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८ जीबीपीएस, फोर-के १२० हर्ट्झ. शेवटच्या दोन्हींच्या खोक्यावर क्यूआर कोडचं लेबल असतं आणि ते अधिकृत ॲपने स्कॅन करता येतं. केबलवर मोठ्ठं ‘२.१’ छापलंय पण लेबल नाही, तर तो आकडा नुसता दाखवण्यापुरता समजा.

माझं मत विचाराल तर: टीव्ही फोर-के असेल, अंतर तीन मीटरच्या आत असेल, तर लेबल असलेली अल्ट्रा हाय स्पीड घेऊन मोकळं व्हावं. भावातला फरक फार नसतो आणि पुढे टीव्ही बदलला तरी तीच चालते. फुल एचडी टीव्हीला मात्र त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका, घरात पडलेली सेटटॉप बॉक्सची जुनी केबल आधी लावून बघा. प्लेस्टेशन ५ घेतलं असेल तर त्याच्या खोक्यातली केबल अल्ट्रा हाय स्पीडच असते, वेगळी घ्यायला नको.

सोन्याचा मुलामा, जाळीदार वेष्टण, ‘रंग उजळतात’ वगैरे मजकूर सोडून द्या. सिग्नल डिजिटल आहे. केबल पुरत असेल तर महागड्या आणि साध्या केबलचं चित्र एकच. कमी पडत असेल तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र दोन-तीन सेकंद काळं होऊन परत येतं, नाहीतर येतच नाही. मुलाम्याचा उपयोग एवढाच की दमट हवेत पिन गंजत नाही. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर तेवढ्यापुरता तो घ्या.

केबल लावली, आता पुढे

दोन्ही यंत्रं बंद करून केबल लावा. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंग नसलेला, असला तर धातूच्या भागाला बोट लागल्यावर बारीक झिणझिण्या येतात, ती गळती पोर्टलाही त्रास देते. मग टीव्ही चालू करून रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबा आणि ज्या क्रमांकाच्या भोकात केबल आहे तो निवडा. विंडोजमध्ये विंडोजची की धरून ‘पी’ दाबा. ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच, ‘एक्स्टेंड’ म्हणजे टीव्ही हा दुसरा पडदा. सिनेमा बघायचा असेल तर ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’.

आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर घड्याळाशेजारच्या स्पीकरवर क्लिक करून टीव्हीचं नाव निवडा.

चित्राच्या कडा कापल्या जातात, टास्कबार अर्धाच दिसतो? दोष केबलचा नाही. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ यांपैकी जे असेल ते लावा. अक्षरांच्या कडा रंगीत, पुसट दिसत असतील तर इनपुटच्या यादीत त्या एचडीएमआयचं नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ करा. नाव बदलल्याने काय होणार असं वाटतं, पण एलजी आणि सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींत यानेच रंगांची काटछाट थांबते आणि एक्सेलचे आकडे डोळ्यांना सुखाचे होतात.

आता ती ३० हर्ट्झची गोष्ट. फोर-के टीव्हीवर माउस ओढताना बाण तुटक, मागे राहिल्यासारखा वाटतो का? विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा, टीव्ही निवडा आणि रिफ्रेश रेट बघा. ३० असेल आणि यादीत ६० नसेलच, तर क्रमाने शोधा. आधी टीव्हीचं सेटिंग, कारण बरेच टीव्ही खोक्यातून येताना एचडीएमआय कमी वेगावर ठेवलेले असतात. एलजीत ते ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’ या नावाने सापडतं, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’मध्ये ‘एन्हान्स्ड’. तिथे चालू असेल तर केबल दुसऱ्या भोकात लावून बघा. मग केबल बदला. तरीही ३० च, तर लॅपटॉपची एचडीएमआय १.४ ची आहे आणि तिच्याकडून जास्त होणार नाही. अशा वेळी पडदा फुल एचडीवर आणून ६० हर्ट्झ लावा. सोफ्यावर बसून बघणाऱ्याला फुल एचडी आणि फोर-केमधला फरक कमी जाणवतो, तुटक माउस जास्त.

नेटची केबल

वायफाय असताना टीव्हीला वायर कशाला? राउटर टीव्हीच्याच खोलीत असेल आणि ५ गिगाहर्ट्झ (वायफायचा जास्त वेगाचा पट्टा) पकडत असेल तर खरंच नको. पण फायबरवाले राउटर बसवतात दाराशी, टीव्ही असतो दोन भिंती पलीकडे, आणि मध्ये सिमेंटचा खांब. रात्री नऊला सगळ्या मजल्यांवरची वायफाय चालू झाली की चित्र फिरत बसतं. तिथे वायर घाला.

कुठली? लॅन केबलचे दर्जे ‘कॅट’ आणि आकड्याने सांगतात. कॅट-५ई किंवा कॅट-६, बस. एक गंमत अशी आहे की लाखभर किमतीच्या टीव्हीलाही लॅनचं भोक बऱ्याचदा १०० एमबीपीएसचंच असतं. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे म्हणतं, त्यामुळे याने काही अडत नाही. मात्र वायर लावल्यावर टीव्हीवर स्पीड टेस्ट केली आणि ३०० च्या प्लॅनला ९४ दिसले, तर कंपनीला फोन करू नका, टीव्हीच तेवढं घेतो. अडचण येते ती घरच्या कॉम्प्युटरवरून मोठ्या फाइली टीव्हीवर चालवणाऱ्यांना, कारण फोर-के ब्लू-रेचा प्रवाह १२८ एमबीपीएसपर्यंत चढतो. त्यांनी टीव्हीला ५ गिगाहर्ट्झ वायफाय लावून बघावं. जवळून ते लॅनपेक्षा जास्त देतं.

कॅट-७ आणि कॅट-८ घेऊ नका. कॅट-८ डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या जोडण्यांसाठी आहे, टीव्हीला तिचा काडीचाही उपयोग नाही, आणि ती इतकी ताठ असते की युनिटमागे वळत नाही. कॅट-५ई एक गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते. भिंतीच्या आत टाकायची असेल तर कॅट-६ टाका, कारण ती पुन्हा काढायची नसते.

बघायची गोष्ट वेगळी आहे: तांबं. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर असतो. खोक्यावर ‘सीसीए’ लिहिलेलं असेल तर ती हीच. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघालं तर परत द्या. ही तार दोन-चारदा वाकवली की तुटते, आणि लांब अंतरात सिग्नल गळतो.

केबल तयार, दोन्ही टोकं बसवलेली मिळत असेल तर तीच घ्या. भिंतीतून जायची असेल तर टोकं नंतर क्रिम्प करावी, म्हणजे पकडीने पिन दाबून बसवावी लागतात, आणि वायरमन हे काम करत असेल तेव्हा शेजारी उभं राहा. पिन वर, वायर खाली, पितळी दाते आपल्याकडे, अशी धरली की डावीकडून क्रम असा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते, हे विचित्र वाटतं आणि म्हणूनच चुकतं. काही जण सरळ जोड्याच ओळीने लावतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच केलं की आठ दिव्यांचा टेस्टर एक ते आठ सगळे दिवे दाखवतो, वायरमन ‘ओके साहेब’ म्हणतो आणि निघून जातो. पण एक सिग्नल दोन वेगळ्या पिळांत विभागला जातो, आणि लांब केबलवर नेट कधी येतं कधी जातं. दिव्यांवर न जाता रंग बघा.

भोक कुठलं, हाही प्रश्न असतो. राउटरवरच्या ‘लॅन’ लिहिलेल्या कुठल्याही भोकात टीव्हीची केबल जाते. बाहेरून येणारी बारीक फायबर केबल हलवू नका, वाकवू नका. आत काच आहे. कॉम्प्युटरही त्याच राउटरला जोडला की दोन्ही एका जाळ्यात येतात आणि अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी हे ॲप टाकून कॉम्प्युटरवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमधले सिनेमे बघता येतात. तिथे एचडीएमआयची गरजच उरत नाही.

भिंत फोडायची असेल तर

फर्निचर होत असतानाच सांगा, नंतर नाही. टीव्हीच्या जागेपर्यंत विजेचा पाइप वेगळा आणि एचडीएमआय-लॅनचा वेगळा. २३० व्होल्टच्या तारांसोबत लॅन एका पाइपात घालू देऊ नका. तसं करणं धोक्याचं आहे. एचडीएमआयची पिन रुंद असते आणि ती कापून पुन्हा बसवता येत नाही, म्हणून २५ मिमीच्या पाइपात वळणावर ती अडकू शकते. ३२ मिमी किंवा त्याहून मोठा पाइप घ्या, काटकोनाऐवजी लांब वळण द्या, आणि आत ओढायची तार किंवा नायलॉनची दोरी सोडून ठेवा. भिंत बंद करण्याआधी केबल लॅपटॉपला आणि टीव्हीला लावून फोर-के ६० हर्ट्झवर अर्धा तास चालवा.

वळवाचा पाऊस

ज्या इमारतींत नेट अजून गच्चीवरून लॅनच्या तांब्याच्या तारेने येतं, तिथे एप्रिल-मेच्या गडगडाटात राउटर आणि त्याला जोडलेला टीव्ही दोन्ही जातात. वीज थेट पडावी लागत नाही, जवळपास पडली तरी उघड्यावरच्या तारेत झटका येतो आणि लॅनच्या भोकातून टीव्हीच्या बोर्डात शिरतो. फायबर काचेचं असल्याने त्यातून हा झटका येत नाही, पण राउटरच्या चार्जरमधून येऊ शकतो. त्यामुळे आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू होण्याआधीच, क्रम हा: आधी टीव्हीची लॅन केबल काढा, मग सेटटॉप बॉक्सची डिशकडून येणारी केबल, मग दोन्हींचे प्लग बोर्डातून. बटण बंद करून भागत नाही, प्लग बाहेर काढा. लॅनच्या पिनेची प्लास्टिकची जीभ काढता-घालता तुटते, म्हणून केबल घेताना जिभेवर रबराचं टोपण असलेली घ्या.